बापाचं मीठ, माझे मासे

खाऱ्या पाण्यातले मासे घरात पाळायचे तर सुरुवात निळ्या डॅमसेलपासून करा, ते मरत नाहीत, असं मला मुंबईतल्या दुकानदाराने सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. डॅमसेल मरत नाहीत, दुसऱ्यांना मारतात. मी आणलेल्या तिघांनी पंधरा दिवसांत टाकीतल्या बाकीच्या माशांचे पंख कुरतडून ठेवले. मी त्यांना पाण्याच्या पिशवीत घातलं, रेवसहून मुंबईची लाँच पकडली आणि पिशवी दुकानदाराच्या गल्ल्यावर नेऊन ठेवली. "मॅडम, नवीन माणसाला आम्ही हेच देतो," तो म्हणाला. नवीन माणसाचं पुढे काय होतं ते कधी बघितलंस का, असं विचारल्यावर त्याने मुकाट्याने क्लाउनफिशची जोडी काढून दिली. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, एक मोठी आणि एक लहान. या जातीत मोठी असते ती मादी, आणि ती नराला धाकात ठेवते. मला ती बघताक्षणी आवडली.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझा बाप. आई गेली, मग बापाचा खुबा मोडला, म्हणून मी ठाण्यातली नोकरी सोडून गावी आले. गाव म्हणतं, पोरगी बापाचं करते. बाप म्हणतो, मी बोलावलं नव्हतं. दोन्ही खरं आहे. त्याने आयुष्यभर मिठागर चालवलं. आता बांध फुटून तिथे तिवरांची झाडं माजलीत, पण शेवटच्या हंगामाच्या गोण्या त्याने पडवीत रचून ठेवल्या होत्या आणि घरात तेच मीठ खाल्लं जायचं.

टाकीत खाडीचं पाणी घालून चालत नाही. त्यात गाळ असतो, बार्जचं डिझेल असतं, आणि पावसाळ्यात तर ते निम्मं गोडं होतं. म्हणून माशांसाठी बनवलेलं मीठ दुकानातून आणायचं आणि गोड्या पाण्यात कालवायचं. ती मोठी पिशवी घेऊन मी लाँचमधून उतरले तेव्हा धक्क्यावरच्या चहावाल्याकडे बापाचे जुने सोबती बसले होते. गोष्ट माझ्याआधी घरी पोचली.

"दर्या दारान हाय न तू मीठ इकत आनतंस?" बापाने विचारलं.

"माशांना लागतं."

"माझा मीठ काय वंगाल हाय?"

मी पिशवी उचलून आत नेली. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, आणि डोकं माझंच फुटतं.

मला एकच हवं होतं. एक वीण जगवायची. दुकानदाराने पिल्लं घ्यायचं कबूल केलं होतं, पण ते निमित्त. मला या घरात, या माणसाच्या नाकासमोर, माझ्या हातचं काहीतरी जिवंत राहिलेलं दाखवायचं होतं. मी टाकीत कौलाचा तुकडा ठेवला. जोडीने त्यावर अंडी घातली, नर रात्रंदिवस त्यांना पंखांनी वारा घालत राहिला, आणि आठव्या दिवशी दिवा मालवल्यावर पिल्लं बाहेर पडली. पापणीच्या केसाएवढी. मी ती वेगळ्या टबात घेतली, त्यांना खायला डोळ्यांनी दिसतसुद्धा नाहीत असे बारीक जीव वाढवले. तिसऱ्या दिवशी सगळी तळाशी.

दुसरी वीणही तशीच गेली. तिसरीही. दर वेळी बाप काठी टेकत यायचा, टबात वाकून बघायचा आणि म्हणायचा, "मेली?" एवढंच. त्या एका शब्दासाठी मी त्याचा इतका राग केला की त्याच्या भाकऱ्या थापतानासुद्धा दात आवळलेले असायचे.

चौथ्या विणीसाठी पाणी कालवलं आणि बादलीच्या तळाशी राखाडी गाळ दिसला. दुकानच्या मिठात गाळ नसतो. मग डोक्यात आलं, जी पिशवी दोन महिन्यांत संपायला हवी ती चौथ्या महिन्यातही अर्धी होती. बरकतीची चौकशी कोण करतं? मिक्सरचं भांडं काढून बघितलं. झाकणाच्या खाचेत मिठाचे खडे अडकले होते.

"बाबा, पिशवीत काय घातलंस?"

"मीठ."

"कुठलं?"

"आपलंच. लोक हसताव मना. मिठागरवाल्याचे घरान इकतचं मीठ."

माझं मीठ त्याने थोडं थोडं करून परसात ओतलं होतं, आणि आपलं मीठ दळून पिशवी भरत राहिला होता. लपवायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

मी त्याला सांगितलं. वाफ्यात मीठ बसलं की उरलेलं कडू पाणी तू सोडून देत होतास ना? जेवढं ते नीट काढलं तेवढं मीठ चांगलं, म्हणून तुझ्या मिठाचं नाव होतं ना? पिल्लांना लागतं ते त्या कडू पाण्यात असतं. खारटपणा मोजायची नळी बरोबर आकडा दाखवते, मोठे मासे कसेबसे तगतात, आणि पिल्लं मरतात. तीन विणी तू मारल्यास. मग त्याला झोंबावं म्हणून त्याच्याच बोलीत म्हणाले, "तुझ्या मिठान जीव जगत न्हाय."

त्याने मान वर केली.

"मंग तू कशी जगलीस?"

तिथे गप्प बसायला हवं होतं. मला जमलं नाही. "आयचे हातावर," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तेव्हा पडवी रिकामी होती. शेजाऱ्याला हाताशी धरून त्याने सगळ्या गोण्या खाडीत ओतायला लावल्या होत्या. जेवायला बसल्यावर म्हणाला, "दुकानातला मिठाचा पुडा आन." मी आणला. त्याने चिमूटभर भातावर घेतलं आणि जेवला.

मी माशांच्या मिठाची नवी पिशवी आणली, आणि पुढच्या विणीतली एकोणीस पिल्लं जगली. त्यांच्या अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटला त्या सकाळी मी धावत बाहेरच्या ओट्यावर गेले आणि बापाला म्हटलं, चल, बघायला चल. त्याने काठीला हातही लावला नाही.

"तुझ्या मिठाची हायेत ती," तो म्हणाला. "तूच बघ."