तिसऱ्या ओळीतली टोपी

माझ्या मामीला फ्रेंच येत नव्हतं. मामांनाही येत नव्हतं. तरी त्या भाषेतल्या क्रियापदांची एक छत्तीस पानांची पुस्तिका दोघांनी मिळून एकोणीस वेळा तपासली, आणि अठरा वेळा तिच्यात बोट ठेवायला जागा सापडली नाही. मला एकोणिसाव्या वेळचं सांगायचं आहे. ते सांगताना अजूनही राग येतो. मामांचा थोडा, माझा स्वतःचा जास्त.

मामा एका छापखान्याची प्रुफं घरी आणून तपासायचे. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर पेन्सिल धरून ऐकायचं. वाचणारी मामी, ऐकणारे मामा. दुपारी तीनला स्वयंपाकघरातलं टेबल पुसून कोरडं व्हायचं, समोरासमोर दोन खुर्च्या लागायच्या आणि दोघांच्या माना खाली जायच्या, त्या पाच वाजताच वर व्हायच्या. वाचणाऱ्याच्या कागदात ऐकणाऱ्याने डोकावायचं नाही, असा मामांचा नियम होता. डोकावलं की नजर दोन्हीकडे फिरते आणि चूक निसटते. वाचणाऱ्याच्या तोंडून येईल ते खरं, हातातला छापील कागद खोटा, असं ते मला शिकवायचे.

एका प्राध्यापकांनी फ्रेंच क्रियापदांच्या पाच पुस्तिका केल्या होत्या. पाचवीत अशी रूपं होती, जी आता बोलण्यात कोणी वापरत नाही, फक्त जुन्या पुस्तकांत सापडतात. शब्द लांबलचक, अक्षरं डबल, त्यामुळे बाकीचे तपासनीस तिला हात लावत नसत आणि ती दर उन्हाळ्यात मामांच्या गळ्यात पडायची. छापून झालं की अक्षरांचे शिशाचे खिळे सुटे करून परत आपापल्या खणांत टाकायचे, म्हणून दर वर्षी जुळणी नवी आणि चुकाही नव्या. भाषा येत नसल्यामुळे मामी शब्द वाचतच नसे, अक्षरं वाचायची. "एफ, यू, डबल एस, ई." ओळ बरोबर असली की मामा म्हणायचे, "हं." प्रत्येक क्रियापदाच्या सहा ओळी, आणि तिसऱ्या ओळीत एका स्वराच्या डोक्यावर छोटंसं छप्पर. त्याला मामी टोपी म्हणायची. "एफ, टोपीवाला यू, टी." "हं."

आई गेल्यावर मी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा दहा वर्षांची होते. त्यांना मूल नव्हतं. घरात मी तिसरी, म्हणून माझं नावच टोपी पडलं.

मामा मितभाषी होते असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर मेहेरबानी करणं झालं. सकाळपासून त्यांच्या तोंडून "मीठ" आणि "छत्री" एवढे दोन शब्द निघाले, तर तो दिवस गप्पांचा समजायचा. मामी उलट. बाजारातलं, शेजारणीचं, काल पडलेल्या स्वप्नातलं, सगळं साग्रसंगीत सांगायची आणि मामांचं डोकं काही वर्तमानपत्रातून बाहेर येत नसे. एकदा मी चिडून म्हटलं, "मामी, त्यापेक्षा भिंतीशी बोल ना."

"तीन ते पाच ऐकतात की," ती म्हणाली. "माझं अक्षर न् अक्षर ऐकतात. एवढं कुठला नवरा ऐकतो?"

मला ती थट्टा वाटली.

पुढे मी कॉलेजात फ्रेंच घेतलं. त्यामागे अर्थात ते टेबल होतं. मामीने एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "टोपी, ती पाचवीतली रूपं लागतात तरी कशाला गं?"

"कुणाला पूर्वी काही व्हावंसं वाटत होतं, कशाची भीती वाटत होती, असलं सांगताना."

"मग ते झालं का शेवटी?"

"ते त्यात कळत नाही."

मामीने जरा वेळ विचार केला. "तरी बरं, छत्तीसच पानं आहेत," ती म्हणाली आणि शेंगांकडे वळली.

त्यानंतर दोनेक वर्षांत तिने बाकीची कामं सोडली. सूचीपत्रं, अहवाल, कायद्याची पुस्तकं, सगळ्यांना नकार. "ते रटाळ आहे, डोकं चढतं माझं," म्हणायची. मामा ती एकट्याने तपासू लागले, एका हाताचं बोट मूळ प्रतीवर आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. "पाचवी मात्र माझी," हे तिने बजावून ठेवलं होतं. त्याच सुमारास ती चहा ओतताना कपाच्या कडेला आतून बोट लावायला लागली. येताजाता तिचा खांदा दाराला लागायचा. मी म्हणायचे, "मामी, चौकट तीस वर्षं तिथेच आहे बरं का." ती हसायची, मीही हसायचे. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, कॉलेजात पहिली आलेली, आणि मला काडीची अक्कल नव्हती.

एकोणिसावा उन्हाळा आला. मामा म्हणाले, "पान एक," मामीने पान उलटलं आणि सुरू झाली. आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. नवव्या पानावर मामा थांबले. छापलेलं क्रियापद वेगळंच होतं. मामी वाचत होती ते तिथे नव्हतंच. त्यांनी नियमाप्रमाणे छापलेलं सगळं खोडलं आणि मामीच्या तोंडून आलेलं अक्षर अक्षर करून समासात लिहिलं. चौदाव्या पानावर पुन्हा तेच. पंचविसाव्या पानावर त्यांचा पारा चढला. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला उद्देशून म्हणाले, "आंधळा झालाय की काय हा?"

मी बाजूला माझी वही घेऊन बसले होते. मामी एक ओळभर गप्प राहिली. मग पुढचं वाचू लागली.

एकूण अकरा क्रियापदं मामांनी खोडली. दोन दिवसांनी जुळारी स्वतः घरी आला, प्रुफं आणि मूळ प्रत घेऊन. सभ्य माणूस, पण कान लाल झाले होते. तो म्हणाला, "दादा, मी दोनदा ताडून बघितलं. तुम्हीच बघा आता." त्याने मूळ प्रत टेबलावर उघडली. प्राध्यापकांनी यंदा अकरा क्रियापदं बदलली होती. मागच्या वर्षीच्या पुस्तिकेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्यांवर लाल शाईत नवी रूपं लिहिली होती, ठसठशीत. लांबूनसुद्धा दिसावीत अशी.

मामांनी मामीकडे बघितलं. "एवढं लाल अक्षर तुला दिसलं नाही?"

"नाही," मामी म्हणाली.

"लक्ष कुठे होतं तुझं?"

"लक्ष होतं हो. दिसत नव्हतं." तिने हात पुढे करून टेबलाची कड धरली. "गेल्या वर्षीपण नव्हतं दिसत. पाठ होतं सगळं."

जुळारी कागद तिथेच ठेवून निघून गेला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. शीर वाळली होती, गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेल्या कवडशासाठी थेंब दिले. मामांनी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी आला असतात तर बरीचशी वाचली असती. मामा परत येताना रस्त्यात उभे राहिले आणि मला म्हणाले, "मी समोर बसलेलो होतो. दोन हातांवर." एवढंच. पण चेहरा असा झाला की मीच त्यांचा हात धरून त्यांना घरी आणलं, आणि दुसऱ्या हाताने मामीला.

त्या संध्याकाळी मी मामीवर ओरडले. सांगितलं का नाहीस? जीभ झडली असती का? ती पलंगावर बसून ऐकत राहिली.

"सांगितलं असतं तर दुसरं कुणी वाचायला आलं असतं," ती म्हणाली. "मग मी कधी बोलले असते त्यांच्याशी?"

मला रडू आलं. ती थट्टा नव्हती हे मला तेव्हा कळलं.

छापखान्याने पाचवी पुस्तिका दुसऱ्याकडे दिली. मामांनी तक्रार केली नाही, आणि हळूहळू बाकीची प्रुफंही बंद केली. तीन वाजायचे, टेबल कोरडं असायचं, आणि दोघं दोन खोल्यांत. असे चार महिने गेले. मग एका दुपारी मामांनी खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. "अगं, पाचवी परत आली आपल्याकडे. प्राध्यापकांनी जुनी क्रियापदंच ठेवलीत म्हणे," ते म्हणाले. इतकं लांबलचक वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. "पान एक."

मामी बसली, पदराने हात पुसले आणि तिने सुरुवात केली. मामा प्रत्येक ओळीला "हं" म्हणत होते. आता ते मान वर करून बसायचे, सबंध वेळ तिच्या तोंडाकडे बघत. तिला ते दिसत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटायचं.

त्या दिवशी पाच वाजता मामा उठून गेल्यावर ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "पानं जुनी आहेत. नव्या प्रुफाला शाईचा वास येतो. यांना बोलू नकोस हं."

मी बोलले नाही. दोन वर्षं रोज दुपारी ती पुस्तिका त्या घरात वाचली गेली. मग मामी न्यूमोनियाने आठ दिवसांत गेली.

आता मी तीच भाषा शिकवते, आणि दर रविवारी मामांकडे जाते. मामीला जाऊन महिना झाला असेल, तेव्हा मी गेले तर टेबल पुसलेलं होतं आणि दोन खुर्च्या होत्या. मामांनी एक जुनी प्रत माझ्यापुढे सरकवली. मी वाचायला लागले, जसं वर्गात वाचते तसं, शुद्ध उच्चारांत. ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. वीसेक वर्षं त्यांच्या हातून गेलेली ती भाषा, पण त्यातला एकही शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"हे काय?" ते म्हणाले. "नीट वाच. ती वाचायची तसं."

मी पुन्हा पहिल्या ओळीवर आले. "एफ, यू, डबल एस, ई."

"हं."

"एफ, यू, डबल एस, ई, एस."

"हं."

"एफ, टोपीवाला यू, टी."

"हं" आलं नाही. मी पानावरच नजर ठेवून वाट बघितली. त्यांनी हात लांब करून माझ्यासमोरचा कागद पालथा घातला.

"टोपी, वर बघ," मामा म्हणाले. "तुला दिसतंय ना नीट?"

"दिसतंय, मामा."

त्यांनी बराच वेळ माझे डोळे निरखले, आधी एक, मग दुसरा. मग कागद सुलटा करून माझ्याकडे सरकवला.

"वाच," ते म्हणाले.