खिळ्याची फळी

लोकांचे ओंडके कापून द्यायचे आणि मजुरी म्हणून निम्म्या फळ्या ठेवून घ्यायच्या, असा धंदा ज्याने चाळीस वर्षं केला त्याला लोकांनी निम्मेकाका म्हणावं, यात लोकांची काही चूक नाही. रोख पैसे काका घेतच नसत. लोकांना तो लोभ वाटे. खरं तर ओंडक्याच्या पोटात काय निघेल याचं या माणसाला म्हातारपणीही भारी कुतूहल होतं, आणि जे निघेल त्यातलं थोडं आपल्याकडे राहावं असं वाटे. नियम एकच होता: ढीग काकांनी लावायचे, पण पहिला ढीग मालकाने उचलायचा. त्यामुळे दोन्ही ढीग नेहमी तोडीस तोड लागत.

एका सकाळी शिवणकाम करणारी एक बाई टेम्पोतून ओंडका घेऊन आली. तिला कापड बेतायला लांबरुंद टेबल करायचं होतं.

"कुठलं झाड, ताई?"

"पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत शेवटचं घर आहे ना, ते आम्ही मागच्या वर्षी घेतलं. मागच्या अंगणातलं झाड वाऱ्याने पडलं."

काकांच्या हातातली टेप हातातच राहिली. लग्न झाल्यापासून अकरा वर्षं ते त्याच घरात भाड्याने राहिले होते.

"आत खिळाबिळा नाही ना?" त्यांनी उगाचच विचारलं.

"छे हो! सालीवर ओरखडासुद्धा नाही."

ओरखडा कुठून असणार? खिळा झाडाने केव्हाच गिळला होता. कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी काकांच्या बायकोने तो आपल्या कपाळाच्या उंचीवर ठोकला होता. "झाडांना खिळे ठोकत बस, उद्या माझं पातं मोडेल," असं म्हणून काकांनी तिला दोन दिवस टोमणे मारले होते. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली होती. झाड शेंड्याकडे वाढतं, ठोकलेला खिळा मात्र त्याच उंचीवर राहतो. काकांनी जमिनीत राहिलेल्या बुंध्याची वीतभर वजा केली आणि ओंडक्यावर टेप लावली. तिच्या कपाळाची उंची त्यांना आठवावी लागली नाही.

करवत चालू झाली. तिसऱ्या फळीवर काळपट निळा डाग उमटला. आत लोखंड असलं की लाकूड असं काळवंडतं. काकांनी यंत्र थांबवलं, डागावर अंगठा फिरवला आणि पुढची फळी चांगली चार बोटं जाड काढली. खिळा तिच्या पोटात शाबूत राहिला.

आता ती फळी त्यांना हवी होती, अगदी जीव तुटेपर्यंत हवी होती. पण मागायची कशी? अमुकच द्या, असं त्यांनी आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला म्हटलं नव्हतं. म्हणून त्यांनी लबाडी केली, तीही उफराटी. सरळ, स्वच्छ फळ्या एका ढिगात लावल्या. गाठीच्या, चिरलेल्या आणि ती खिळ्याची जाड, काळी फळी दुसऱ्या ढिगात.

"उचला, ताई."

बाई दोन्ही ढिगांभोवती एक चक्कर मारून आली. "काका, हे काय? सगळं सोनं माझ्याच पदरात?"

"तुमचं नशीब!"

"नशीब कसलं! तुम्ही भिडेपोटी नुकसान करून घेताय. मला फुकटचं नको." तिने दुसऱ्या ढिगावर थाप मारली. "हा माझा. टेबलावर कापडच पसरायचंय, डाग कोण बघतंय?"

तोवर टेम्पोवाल्याने काळी फळी उचललीसुद्धा. भीड भिकेची बहीण, असं बायको त्यांना उठताबसता ऐकवायची, कारण हा माणूस दुसऱ्याच्या घरी तहानलेला बसेल पण पाणी मागणार नाही.

"थांब रे!" काका ओरडले. "ताई, ती फळी मला द्या." त्यांनी फळीचं टोक धरलं. "तिच्यात माझ्या बायकोचा खिळा आहे."

बाई फळीवर वाकली. "कुठे?"

काकांनी डाग दाखवला. मग तिने खोदून खोदून विचारलं आणि दोरी, टोमणे, अकरा वर्षं, सगळं काढून घेतलं. शेवटी तिने दोन्ही ढिगांची अदलाबदल करायला लावली.

"इतक्या चांगल्या टेबलावर आता शिवणही सुधारावी लागणार मला," ती म्हणाली. तरी तिचा पाय निघेना. "काका, कापता का ती फळी? खिळा कसा राहिलाय ते बघू तरी."

आत काय आहे ते पाहिल्याशिवाय काकांनी आजवर एकही लाकूड सोडलं नव्हतं. त्यांनी फळीवर हात ठेवला.

"नको," ते म्हणाले. "पातं मोडेल."