जिन्याखालची गांडुळं

माझ्या साडूंसारखा निरुपद्रवी माणूस अख्ख्या रायपुरात शोधून सापडणार नाही, असं जो तो म्हणतो. असं म्हणणाऱ्यांपैकी एकालाही त्यांच्या डोक्यावर राहावं लागत नाही. मी राहतो. गोंदियाच्या दोन सख्ख्या बहिणींना लग्नानंतरही एकमेकींवाचून करमेना, म्हणून त्यांच्या नवऱ्यांनी मिळून एक घर बांधलं. खाली साडू आणि ताई, वर मी आणि माझी बायको, आणि दोघांत मिळून एक जिना. त्या जिन्याखालची जागा कोणाची, हे ठरवायचं मात्र राहून गेलं. साडू रेल्वेतून रिटायर झाले, महिनाभर घरात इकडून तिकडे फिरले, आणि मग त्या जागेत त्यांनी गांडुळं ठेवली.

गळाला लावायला. खारून नदीवर गळ टाकून बसायचं त्यांना वेड. त्या वेडाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, कारण रविवारी येणारी रोहू मीही बोटं चाटून खात होतो. पण लोक मासे धरायला जाताना कुठेतरी चार गांडुळं उकरतात आणि मोकळे होतात. साडूंना ते पटत नाही. उन्हाळ्यात जमीन दगड होते, गांडूळ औषधाला मिळत नाही, म्हणून पावसाळ्यातच साठा करायचा असा त्यांचा नियम. आणि पावसाळ्यात आम्हा बौद्धांचा वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत साडू पंचशील इतकं कडक पाळतात की गळाला हातसुद्धा लावत नाहीत. म्हणजे गांडुळं जेव्हा पैशाला पासरी मिळतात, तेव्हा ती वापरायची नाहीत, नुसती सांभाळायची. हे कसलं शील, असं मी एकदा चिडून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "मी मारून थोडी राहिलो, साडूभाऊ? पोसून राहिलो."

पोसणं म्हणजे काय ते आमच्या घराला विचारा. माझ्या बायकोचे दोन चांगले माठ त्यात गेले. त्यांवर गोणपाटाचा ओला बोरा, आत माती, शेण आणि चहाचा चोथा. चोथा घरचा पुरत नाही म्हणून पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, चहावाल्याकडून रोज पिशवीभर यायचा, आणि साखर राहिली तर मुंग्या लागतात म्हणून हा माणूस तो गाळणीत धरून नळाखाली धूत बसायचा. स्वतःचा बनियन कधी धुतला नसेल. मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर मऊ पडतं तेव्हा, खालच्या कूलरचं तोंड माठांकडे असे. ताई उकाड्याने हैराण होऊन वर आमच्या खोलीत झोपायला येत, दोघी बहिणी गप्पा मारत, आणि मी उशी घेऊन गच्चीवर जात असे. एकदा माझ्या ऑफिसच्या बुटात गांडूळ निघालं. मी एका पायावर नाचत होतो. साडूंनी ते हळूच बाहेर काढलं, तळहातावर घेऊन नीट पाहिलं, आणि मला म्हणाले की बूट असे ओले ठेवू नयेत, त्यांना वाटतं मातीच आहे. माझ्या पायाची चौकशी कोणीही केली नाही.

हे सगळं मी सहन केलं. पण गेल्या वर्षावासात आमच्याकडे भंतेजींना भोजनदान होतं, माझ्या दिवंगत आईच्या पुण्यानुमोदनाचं. बायको पहाटेपासून चुलीला लागलेली. आदल्या रात्रभर पाऊस पडला होता, आणि माठातल्या मंडळींना बाहेरची हवा खावीशी वाटली. भंतेजी आले, जिन्याशी पोचले, पहिल्या पायरीवर ठेवायला उचललेला पाय त्यांनी परत मागे घेतला. जिनाभर गांडुळं. जीव चिरडून भंतेजी वर कसे जातील? आणि दुपारी बारानंतर ते अन्नाला शिवत नाहीत. मी धावत झाडू आणला. भंतेजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी झाडू पाठीमागे लपवला. साडू मात्र गुडघ्यांवर बसून एकेक गांडूळ दोन बोटांत उचलत होते, "चल बाबू, घरी चल" म्हणत होते. वर खीर थंड होत होती, आणि घड्याळ कोणासाठी थांबत नव्हतं. भंतेजी वर पोचले तेव्हा दोन घास घेण्यापुरताच वेळ उरला होता. ते घेऊन त्यांनी हात धुतले. मग उपदेशात सांगितलं की करुणा शिकायची असेल तर या उपासकांकडून शिका. आश्विनानंतर ही गांडुळं कुठे जाणार आहेत, ते सांगायला माझी जीभ शिवशिवत होती. पण सगळ्यांबरोबर मलाही हात जोडावे लागले.

भरलेली पातेली तशीच झाकून ठेवताना बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझा ताबा सुटला. खाली जाऊन सर्वांसमोर सांगितलं की वरचा मजला विकतो, बीरगांवकडे एक फ्लॅट पाहून ठेवला आहे, तिकडे जातो. ताईंनी तोंडाला पदर लावला. जिच्यासाठी मी भांडत होतो ती माझी बायको ताईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे असं पाहू लागली, जणू गांडुळं मीच सोडली होती. साडू होकाराची मान हलवून फक्त "हव" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर जिन्याखाली फिनाइलचा वास. माठ नाहीत, बोरा नाही. सगळी माती पिशव्यांत भरून, स्कूटरवर फेऱ्या मारून, त्यांनी विहाराच्या बागेत नेऊन टाकली होती. गळही दिसेनात. ते रेल्वेतल्या एका जुन्या सोबत्याला देऊन टाकले म्हणे. मी गांडुळांबद्दल बोललो होतो, गळांबद्दल नाही, असं मी म्हटलं. जरा ओरडूनच म्हटलं. साडू हात पुसत म्हणाले, "मासे बाजारात भेटते, बापा. साडू कुठं भेटते?"

आम्ही कुठे गेलो नाही. जिन्याखाली आता माझी स्कूटर राहते आणि पाऱ्यातले लोक घर किती स्वच्छ झालं म्हणतात. आश्विन पौर्णिमा होऊन गेली, खारूनचं पाणी निवळलं. रविवारी सकाळी साडू इस्त्रीचा शर्ट घालून खालच्या पायरीवर बसतात आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रस्ता बघतात. मला याचाही राग येतो. इतकं सोडायला कोणी सांगितलं होतं? मला फार वाईट वाटतं, आणि ते त्यांना सांगितलं पाहिजे हेही कळतं. गळ परत आणा, माती मी स्वतः आणून देतो, एवढंच म्हणायचं असतं. दर रविवारी तेवढ्यासाठी मी खाली उतरतो. माझं पाऊल वाजलं की ते वळूनही न बघता थोडे बाजूला सरकतात आणि मला जागा करून देतात. मी बसतो. "आज ऊन बरं आहे," मी म्हणतो. ते "हव" म्हणतात, आणि मग आम्ही दोघंही रस्ता बघत बसतो.