ताई, नंबर राहिला

अन्याय झाला तो एका बाईवर. रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, धरमपेठेतल्या भाड्याच्या एका हॉलमध्ये. त्यातला पहिला अन्याय मी केला, म्हणून वेळ पाठ आहे. दुसरा ज्याने केला त्याचं नाव मला माहीत नाही. असतं तर याच ओळीत लिहिलं असतं.

तिची गल्ली, वय आणि घरची माणसं मी इथे बदलली आहेत. शोधायला जाल तर भलतीच बाई सापडेल आणि तिच्या डोक्याला ताप होईल. जाऊ नका.

आम्ही पंधराएक जण आहोत. बायांवर प्रेम करणाऱ्या बाया, मी त्यातली. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष. आणि दोघी अशा, की ज्यांना जन्मल्याबरोबर मुलगा म्हणून नोंदवून टाकलं होतं. आम्ही दोन दिवसांचं प्रदर्शन भरवलं. भिंतींवर फोटो आणि चित्रं, संध्याकाळी पांढऱ्या चादरीवर आमच्यातल्याच एकाने मोबाईलवर काढलेली छोटीशी फिल्म. हॉलवाल्याला 'फोटोंचं प्रदर्शन' एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं.

अभिप्रायाची वही ही माझी कल्पना. मी कॉलेजपासून पत्रकं वाटत आले. हॉस्टेलचं पाणी, परीक्षेची फी, बसचा पास. त्या कामात एक गोष्ट हाडात मुरली: आलेल्या माणसाचं नाव, पत्ता, मोबाईल घेतल्याशिवाय त्याला दाराबाहेर सोडायचं नाही. ज्याचा नंबर नाही तो पुढच्या मोर्चाला येत नाही. तर मी जाड वही आणली, पट्टीने रकाने आखले, पेनाला सुतळी बांधून ती वहीच्या पुठ्ठ्यातून ओवली, म्हणजे पेन कुणी नेणार नाही.

आमच्यात एक काका आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर 'जमलं नाही' एवढ्या दोन शब्दांवर लग्नाचा प्रश्न परतवलेले. वही बघून ते म्हणाले, "नाव काहून मांगून राहिली वं पोट्टे?"

मी त्यांना चांगलं ऐकवलं. तुमची पिढी लपण्यात गेली, आता नाव लिहायचे दिवस आहेत, वगैरे. दोन-चार जण टाळ्या वाजवायच्या बेतात होते.  काकांनी वहीत एक अक्षरही लिहिलं नाही.

रविवारी ती आली. एकटी, हातात भाजीची पिशवी, मेथी वर दिसत होती. सगळी भिंत सोडून ती बेसा वस्तीत काढलेल्या एका फोटोपुढे थांबली. गच्चीवर दोन वयस्कर बाया तुरीच्या शेंगा सोलताहेत, एकीचे पाय दुसरीच्या मांडीवर. खाली त्यांच्याच शब्दांतली ओळ: शेजारी बहिणी म्हणतात, आम्ही नाही म्हणत नाही. तिने मला विचारलं, या खऱ्या आहेत का, की नटवून काढल्या. मी सांगितलं, खऱ्या आहेत, कितीतरी वर्षांपासून एका घरात राहतात. ती पुन्हा फोटोकडे गेली. मग वहीशी बसली आणि पानभर लिहिलं.

काय लिहिलं ते मी सांगणार नाही. माझ्यामुळे ते एकदा बाहेर गेलं तेवढं पुरे.

तिने नाव लिहिलं होतं. पत्त्यात इतवारी आणि भांड्यांच्या दुकानाचं नाव. मोबाईलचा रकाना मात्र मोकळा होता. शहाणी बाई. मी पानावर नजर टाकली, पेन तिच्यापुढे धरलं आणि हसून म्हटलं, "ताई, नंबर राहिला."

तिने लिहिला. माझ्या डोक्यामागच्या घड्याळाकडे बघून, चार-दहा झाले, घरी वाट पाहत असतील, म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

पाच वाजता तिघे आले. आरडाओरडा, घोषणा असं काही नाही. पुढचा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला, हात मागे बांधून प्रत्येक फोटो बघत फिरला. उपक्रम छान आहे, म्हणाला. मग परवानगी कोणाची, असं त्याने हॉलवाल्याला विचारलं, आणि हॉलवाल्याचा चेहरा उतरला. आम्ही सगळे दाराशी जमून त्याच्याशी वाद घालत होतो. कायदा मला तोंडपाठ आहे, मी कलमं म्हणून दाखवत होते. वाद संपला, ते तिघे नमस्कार करून गेले, आणि मी टेबलाशी आले तेव्हा वही नव्हती. पेन होतं. सुतळी कापलेली होती, सरळ, एका घावात. म्हणजे ब्लेड घरून आणलं होतं.



सोमवारी सकाळी वहीत पहिलं नाव लिहिणाऱ्या, आमच्या ओळखीच्या मुलाला फोन आला. माणसाने शांत आवाजात विचारलं, "प्रदर्शन कसं वाटलं?" मुलगा आम्हीच समजून बोलत राहिला, छान वाटलं म्हणाला, फिल्म पुन्हा कधी दाखवता विचारलं. मग त्या माणसाने त्याच्या वडिलांचं ऑफिस कुठे आहे ते सांगितलं आणि फोन ठेवला. धमकी नाही, शिवी नाही. दुपारी दुसरीला, मग तिसऱ्याला. तोच आवाज, तोच प्रश्न. नंबर प्रत्येक वेळी वेगळा.

पोलिसात जायचं तर वहीत काय होतं ते सांगावं लागणार. ज्यांची नावं गेली त्यांनाच पुन्हा चौकीत नावं सांगायला लावायची? आमच्यातल्या कुणीही हो म्हटलं नाही. मला संताप आला, आणि त्या संतापाचं काय करायचं ते कळलं नाही, कारण रकाने मी आखले होते.

एवढं कळलं की फोन वहीच्या क्रमाने येताहेत. ती बाई शेवटच्या पानांवर होती. माझ्या अंदाजाने तिच्यापर्यंत यायला गुरुवार उजाडला असता. तिचा नंबर आमच्याकडे नव्हता, तो वहीत होता. दुकानाचं नाव मात्र लक्षात होतं. काका म्हणाले, "बापलेक बनून जाऊ. तू तोंड बंद ठेवजो, तेवढं जमलं तर पहा."

बुधवारी इतवारीत हातगाड्या आणि टेम्पोंमधून वाट काढत गेलो. ती दुकानात होती. गल्ल्यावर सासू. मला बघताच सुनेच्या हातातला पेला परातीवर आपटला. मी कधी कुणाला घाबरवलं नव्हतं. मोर्चात पोलिसांना घाबरवायचे, ते वेगळं. ती मला घाबरली. तिच्यासाठी त्या दुकानात सगळ्यात भयंकर माणूस मीच होते.

"काय पाहिजे?" सासूने विचारलं.

काकांनी गंज, म्हणजे मोठं पातेलं, मागितला. मग दुसरा मागितला. पत्रा पातळ आहे, वजन चुकतं आहे, आमच्या आईच्या वेळचा गंज म्हणजे काय होता, असं त्यांनी सुरू केलं. सासू म्हणाली, तुमच्या आईलेच घेऊन या मग, तिले दाखवतो. काका म्हणाले, वर जाऊन आणावी लागन तिले. तिने काकांना सोडायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. तेवढ्यात मी स्टीलचा एक डबा उचलला आणि भेट द्यायचाय, नाव टाकून द्या, म्हटलं. भांड्यावर नाव कोरायचं मशीन सूनच चालवत होती. तिने कागदाचा चिटोरा पुढे सरकवला. त्यावर नाव लिहून द्यायचं असतं.

मी लिहिलं: वही चोरीला गेली. फोन येईल. उचलू नका. माफ करा.

तिने वाचलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. चिटोरा बोटांत चुरगळून ब्लाउजमध्ये टाकला आणि मशीन सुरू केलं. तो कर्र कर्र आवाज दातांत शिरत होता. सासूने तिकडून विचारलं, केवढं मोठं नाव आहे वं बाई, एवढा वेळ.

"बुडाशी टाकलं," ती म्हणाली. "वरतून दिसत नाही."

डबा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.  गल्लीच्या टोकाला, कापडाच्या गाठोड्यांच्या आडोशाला मी तो उलटा केला. ठिपक्या-ठिपक्यांची बारीक अक्षरं होती.

कालच आला. यांनी उचलला. फोन यांच्याजवळ आहे. येऊ नका.

क्रम वगैरे काही नव्हता. जे पान सगळ्यात जास्त भरलेलं, तेच त्या फोनवाल्याने मधेच उघडलं असणार. मी काकांना डबा दाखवला. त्यांनी चष्मा काढून वाचलं, पुसला, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता बोलतील. बोलायचा हक्क होता त्यांना. "चाल, घरी चाल," एवढंच म्हणाले.

तिने येऊ नका म्हटलं म्हणून मी गेले नाही. ते बरोबर की भित्रेपणा, मला अजून कळत नाही. काका एकदा लांबून बघून आले. ती दुकानात नव्हती. मशीनवर दुसरंच कुणी होतं. माहेरी गेली असेल, असं आम्ही एकमेकांना सांगतो. अनोळखी नंबर आला तरी मी उचलते, कारण तो तिचा असू शकतो. डबा माझ्या घरी आहे. त्यात काही भरवत नाही.

आता तुमच्याशी बोलते, वाचणाऱ्याशी. त्या वहीतल्या पानाचा फोटो तुमच्या मोबाईलवर येईल, कदाचित आलाही असेल, सोसायटीच्या नाहीतर नातेवाइकांच्या ग्रुपवर, हसायच्या खुणा लावून. वाचू नका. पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला तिथेच, सगळ्यांसमोर विचारा की हे पान तुला कुणी दिलं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. तो पांढऱ्या शर्टातला माणूस याच शहरात राहतो, कुणाचा तरी भाऊ आहे, कुणाच्या तरी शेजारी आहे. तुमच्या असेल तर त्याच्या घरी जा आणि वही परत आणा.