आमच्या घरचा तानाबाता

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी जपानी भाषा शिकायला लागलो आणि चारच महिन्यांत मला ती यायला लागली. असं माझं मत होतं.

दर शनिवारी मी डोंबिवलीहून ठाण्याला क्लासला जायचो. वर्गातले बाकीचे सगळे विशी-बाविशीतले, मला 'अंकल' म्हणणारे. पण हात वर करण्यात माझा पहिला नंबर. (उत्तर बरोबर असण्यात कितवा, ते इथे महत्त्वाचं नाही.) जुलै महिन्यात मॅडमनी गृहपाठ दिला : घरी तानाबाता साजरा करा आणि फोटो आणा. तानाबाता म्हणजे जपानी लोकांचा ताऱ्यांचा सण. आकाशातले दोन ताटातूट झालेले प्रेमी वर्षातून एकदा भेटतात. त्या दिवशी लोक रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर आपापली इच्छा लिहितात आणि बांबूला बांधतात.

खडवलीला मित्राचं शेत आहे, तिथून मी बांबूची फांदी आणली. ती हॉलमध्ये खिडकीच्या ग्रिलला बांधली, तर शेंडा पंख्याला लागायला लागला. म्हणून पंखा बंद.

"अहो, रविवारी अनिकेतचे आईबाबा येतायत," माझी बायको सुनंदा म्हणाली. "त्यांना काय बांबूखाली उकडत बसवायचं?"

अनिकेत म्हणजे आमच्या मुलीने, मुग्धाने पसंत केलेला मुलगा. त्याचे आईबाबा ठाण्याहून पहिल्यांदाच घरी येणार होते. सुनंदा आठवडाभर त्याच काळजीत होती.

"उलट छाप पडेल," मी म्हटलं. "घरात काहीतरी सांस्कृतिक चालतं असं वाटेल. तू तुझी इच्छा सांग, मी जपानीत लिहितो. कुणाला वाचताच येणार नाही, त्यामुळे अगदी मनातलं सांग."

हा मुद्दा सगळ्यांना पटला. एकेक जण हळूच येऊन माझ्या कानात इच्छा सांगून गेलं. माझ्या आईची इच्छा होती, 'आता हॉस्पिटलची पायरी चढायला लागू नये.' सुनंदा म्हणाली, "मुलाची आई गोड असू दे. बाकी काही नको." मुग्धा बराच वेळ घुटमळली. मग म्हणाली, "बाबा, लग्नानंतर आम्हाला वेगळं घर मिळू दे. पण हे कुणाला बोलू नका हं. अनिकेतच्या आईला फार वाईट वाटेल."

"अगं, जपानीत आहे," मी म्हटलं.

रविवारी पाहुणे आले. अनिकेतचे बाबा कमी बोलणारे. आई नंदिनीताई नीटनेटक्या, चष्म्यातून सगळीकडे बारीक बघणाऱ्या. पोहे आले, चहा आला, आणि नंदिनीताई कप घेऊन बांबूपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तानाबाता?" त्या म्हणाल्या.

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"तुम्हाला माहितीये?"

"बावीस वर्षं जपानी कंपनीची कागदपत्रं भाषांतर करतेय मी. अनिकेत बोलला नाही का?"

बोलला होता. 'आई भाषांतरं करते' असं बोलला होता. कुठल्या भाषेतून, हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी पहिली पट्टी हातात धरली आणि कौतुकाने मोठ्यांदा वाचली, "'मला पुन्हा ब्यूटी पार्लरमध्ये जावं लागू नये.' ही कुणाची?"

आमची आई ब्याऐंशी वर्षांची. तिने पोह्यांची बशी खाली ठेवली. "विजू, मी कधी गेले रे पार्लरमध्ये?"

जपानीत हॉस्पिटल म्हणजे 'ब्योइन' आणि पार्लर म्हणजे 'बियोइन'. एक अक्षर लहान काढायचं की मोठं, एवढाच फरक. मी मोठं काढलं होतं.

मी हे समजावत असतानाच नंदिनीताईंनी दुसरी पट्टी वाचली. या वेळी जरा सावकाश. "'मुलाची आई... भीतिदायक असू दे.'"

सुनंदा चहा ओतत होती. चहा बशीत, बशीतून ट्रेमध्ये.

"'कावाइइ' लिहायचं होतं मला," मी घाईघाईने म्हणालो. "म्हणजे गोड. हे 'कोवाइ' झालंय."

"झालंय खरं," त्या म्हणाल्या.

मुग्धा उठून बांबूकडे निघाली होती, पण तिसरी पट्टी नंदिनीताईंच्या हातात पोचली होती. ती त्यांनी मनातच वाचली. दोनदा वाचली. आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं, की आपल्या जपानीत चूक असावी. नेमकी तीच पट्टी मी अचूक लिहिली होती.

"ही तुझी ना गं?" त्यांनी मुग्धाला विचारलं.

मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मान हलवली. सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी तिची नजर टाळत होतो.

"सॉरी, काकू. तुमच्याबद्दल काही नव्हतं..."

नंदिनीताई नवऱ्याकडे वळल्या. "आपल्या लग्नापासून 'वेगळं घर हवं' हेच मी तुम्हाला मराठीत सांगतेय. एकतीस वर्षं. जपानीत लिहायला हवं होतं."

अनिकेतचे बाबा चहाकडे बघत राहिले. आणि सगळ्यांत आधी माझी आई हसली. मग सुनंदा, मग मुग्धा रडता रडता. नंदिनीताईंनी मुग्धाला जवळ घेतलं. "टिटवाळ्याला नवीन बिल्डिंगा होतायत, बघा एखादं घर. फक्त रविवारी जेवायला यायचं." लग्न तिथेच ठरलं.

निघताना त्यांनी एक कोरी पट्टी मागितली, भराभर जपानीत काहीतरी लिहिलं आणि माझ्या हातात दिली. मला त्यातलं एकच अक्षर ओळखीचं वाटत होतं. पण इतकं झाल्यावर तसं कबूल कोण करणार?

"वा," मी म्हणालो. "फार सुंदर इच्छा आहे. नक्की पूर्ण होईल."

"तुम्ही म्हणताय म्हणजे होईलच," त्या म्हणाल्या, आणि त्यांना फार हायसं वाटल्यासारखं दिसलं.

डिसेंबरात लग्न झालं. रिसेप्शनला मी सगळ्यांसमोर सात मिनिटं जपानीतून भाषण केलं. नंदिनीताईंनी सबंध वेळ डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, भरून आलं असेल.

पुढच्या शनिवारी नंदिनीताईंची ती पट्टी मी क्लासमध्ये मॅडमना दाखवली. त्यांनी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि मला अर्थ सांगितला : 'व्याह्यांनी लग्नात जपानी बोलू नये.'