आंबिलीचा चारा

आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी गळ टाकला नव्हता. आम्ही कोरडवाहू माणसं. मासा ओळखायचा तो ताटात आल्यावर. तरी त्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यात मासेमारीचं खूळ शिरलं. तो नांदेडला नोकरीला, मी लातूरला. त्यानं ऑनलाइन दोन गळकाठ्या मागवल्या, दोन तंबू मागवले, आणि दिवाळीत आमच्याकडे आला तो मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवतच. दोन्ही घरच्यांनी मिळून तलावाकाठी एक मुक्काम करायचा, शेकोटी पेटवायची, सकाळी उठून गळ टाकायचे, असा त्याचा बेत. बायका खूश, पोरं त्याहून खूश. मला मासे पकडण्यात काडीचा रस नव्हता, पण दादाला नाही म्हणायची मला सवय नाही.

तलाव जळकोटकडचा ठरला, कारण तो खोल. थंडीत मोठा मासा खोल पाण्यात बसतो, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. तळाशी जुनी विहीर असली, बुडालेलं झाड असलं, तर त्याच्या आजूबाजूला हमखास सापडतो. पण हे काठावरून कळणार कसं? तर म्हणे, तो तळ पूर्वी पाहिलेला माणूस गाठायचा. दादानं व्हिडिओ थांबवला. आम्ही दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथं आत्या लसूण सोलत बसली होती.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण. तिच्या सासरचं रान याच तलावात गेलं. नवरा त्यानंतर फार टिकला नाही, मूलबाळ नव्हतं. वडील तिला आमच्याकडे घेऊन आले, आणि वडील गेल्यावरही ती आमच्याकडेच राहिली. राहिली म्हणजे भाकरी तिनं थापल्या, भांडी तिनं घासली, माझी दोन्ही लेकरं तिनं सांभाळली. तिला आम्ही वाईट वागवतो असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. तिला कधी कोणी शिवी दिली नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त तिला काय हवं, हे शेवटचं कधी विचारलं होतं ते मला आठवत नाही.

"आत्या, तुझ्या रानात खोल कुठं होतं गं?" दादानं विचारलं.

तिला आधी खरंच वाटेना की आम्ही तिलाच विचारतोय. मग तिनं ताटली बाजूला सारली आणि फरशीवर लसणाच्या पाकळ्या मांडायला लागली. "ह्यो वरचा बांध. पानी ह्याच्यापतुर आलंय आता. हितं लिंब हाय, शेंडा अजून वर दिसतो म्हणत्यात. लिंबाच्या म्होरं चाळीस पावलं चाललं की आमची हीर. सात परस."

"सात परस म्हणजे?" माझ्या लेकीनं विचारलं.

"सात गडी एकमेकाच्या खांद्यावर उभे केले तर वरच्याचं डोस्कं दिसंल, येवढी खोल."

खरंच, ती अर्धा तास बोलली. कुठं चोपण, चिकट खारी जमीन होती, कुठं काळी माती होती, कोणत्या बाजूनं बैल उतरायचे. दादानं त्या लसणाचा वरून फोटो काढून घेतला. मग तिनं विचारलं, "कवा जानार म्हणता?"

"येळवशीला. त्या दिवशी सुट्टी असते ना."

आत्यानं पाकळ्या पुन्हा ताटलीत भरल्या. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडे माणूस घरात थांबत नाही. लातूरच्या गल्ल्या ओस पडतात. ज्याला रान आहे तो आपल्या रानात जातो, कडब्याची कोपी करून पांडव पुजतो, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील खातो, आणि शेवटी आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मडकं, घेऊन रानाच्या चारी बाजूंनी मोठ्यानं हाळी देत शिंपत फिरतो. त्याला चर शिंपणं म्हणतात. ज्याला रान नाही त्याला दुसरे बोलावून नेतात. आमची जमीन वडिलांच्या पश्चात आम्ही विकून मोकळे झालो, तेव्हापासून आम्ही बोलावलेल्यांत. आत्या मात्र दरवर्षी आंबील घरी करायचीच, आणि न बोलता तुळशीच्या कुंडीत ओतायची.

"मला घेऊन चला," ती म्हणाली. "माझं रान तवापासून उपाशी हाय. बांधावरनं चर शिंपते अन् गुमान बसते. दुसरं काही मागत न्हाई."

"हाव, चल की! तुझ्याशिवाय का?" दादा म्हणाला. त्या घडीला तो मनापासून बोलला असावा.

पुढचे दोन महिने दादाचे रोज फोन. कोणता गळ, कोणती दोरी, तंबूचे खुंटे, तलावातल्या मासेमारीच्या ठेकेदाराच्या माणसाशी बोलणं. एके दिवशी ऑफिसात फोन आला तो हसतच. "अरे, नुसता गळ टाकून मासा येत नाही. आदल्या दुपारी आंबवलेल्या पिठाचा चारा पाण्यात टाकायचा, म्हणजे सकाळी सगळे तिथंच घोटाळतात. आंबवलेलं पीठ! आपल्या घरात बिंदगंभर तयार होतंय की."

ज्वारीचं पीठ आणि ताक आंबवून केलेली आंबील. याहून चांगला चारा कुठला? मी इतका हसलो की शेजारच्या टेबलावरचा माणूस बघायला लागला. हे लपवण्यात अर्थ नाही, मी हसलो. संध्याकाळी घरी जाऊन आत्याला सांगितलं, "आंबील यंदा जरा जास्तच कर." तिचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. तिला वाटलं, पोरांना अखेर रानाची आठवण झाली. तिनं माळ्यावरचं मोठं बिंदगं काढलं, दोनदा घासलं, आणि तीन दिवस आधीच पीठ भिजवलं.

येळवशीच्या सकाळी दारात दादाची सात जणांची गाडी. आम्ही दोघे भाऊ, दोघी जावा, तीन पोरं. पोरांना दाटीनं बसवलं की आत्याची जागा होत होती. आत्या पहाटेच आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून, पायरीवर तयार. मांडीत बिंदगं. दादानं डिकी भरली आणि शेवटी थर्माकोलची मोठी पेटी उरली, मासे बर्फात आणायची. ती कुठंच मावेना. त्यानं ती मागच्या सीटवर ठेवून पाहिली. बरोबर बसली.

मग माझी बायको हळूच म्हणाली, "आत्याबाईंना रात्रीतून चारदा उठावं लागतं. तंबूत कोण नेणार-आणणार?"

सगळ्यांना कारण हवंच होतं. दादानं माझ्याकडे पाहिलं. असली कामं माझ्याकडेच येतात. मी आत्यापाशी जाऊन म्हणालो, "थंडी फार आहे गं तिकडं. तुला सोसायचं नाही. बिंदगं दे, मी शिंपतो तुझ्या वतीनं."

ती पेटीकडे बघत होती. "मी मांडीवर घेते की ती," ती म्हणाली.

"फुटेल ती, आत्या."

तिनं बिंदगं माझ्या हातात दिलं. "चारी अंगानं शिंप बरं. यका जागी ओतू नको. वरड मोठ्यानं." मी हो म्हणालो. गाडी वळेपर्यंत ती पायरीवरच होती.

तलाव सुरेख होता, ते मान्य करायला हवं. लिंबाचा वाळका शेंडा पाण्याबाहेर, तिनं सांगितला तिथंच. दुपारी मी बिंदगं घेऊन बांधावर निघालो, तर दादा ओरडला, "अरे येड्या, पसरवू नको! सगळीकडं टाकलंस तर मासेही सगळीकडं जातील. एकाच जागी पडू दे." त्यानं प्लास्टिकच्या टबात आंबील ओतली, पेंड आणि कोंडा घालून मळली, आणि पोरांनी चिखलाचे करावेत तसे गोळे केले. मग लसणाचा फोटो बघत, लिंबापासून अंदाज घेत, विहिरीच्या रोखानं फेकले. मी सुद्धा फेकले. माझे जास्त लांब गेले म्हणून टाळ्या पडल्या, आणि मला बरं वाटलं.

सकाळी तीन तासांत दोन चिलापी लागल्या, तळहाताएवढ्या. पेटी रिकामी दिसू नये म्हणून परतताना रस्त्यावर चार रोहू विकत घेतले.

घरी आल्यावर आत्या मासे साफ करायला बसली आणि मला म्हणाली, "शिंपलं?"

"हाव."

"चारी अंगानं?"

"चारी अंगानं. वरडलो पण."

तिनं डोळे मिटून हात जोडले. विषय तिथंच संपला असता. पण माझी लेक मोबाईल घेऊन आली. "आज्जी, बघ ना, पप्पांचा गोळा किती लांब गेला!" दादानं व्हिडिओ काढला होता. त्यात टब होता, गोळे होते, आमचं हसणं होतं, आणि दादाचा आवाज होता: "आत्याच्या हातचा पेशल चारा!"

आत्यानं तो पूर्ण पाहिला. "पुन्हा लाव," ती म्हणाली. पुन्हा पाहिला. मी दारात उभा होतो. ती माझ्याकडे बघेल, शिव्या देईल, रडेल, म्हणून मी वाट पाहत राहिलो. तिनं विळी ओढली आणि उरलेले मासे कापले. रश्शात मीठ बरोबर पडलं होतं. मी दोनदा मागून घेतला, कारण न खाण्याची लाज खाण्याहून मोठी झाली असती.

वर्षभर तिनं सगळी कामं पूर्वीसारखीच केली. फक्त आंबील केली नाही. पुढच्या येळवशीला माझ्या ऑफिसातल्या एकानं निलंग्याजवळच्या त्याच्या रानात बोलावलं. या वेळी मी आत्याला पुढच्या सीटवर बसवून नेलं. मला वाटत होतं, तेवढ्यानं फिटेल.

कोपीपुढं पंगत बसली. यजमानाच्या म्हाताऱ्या आईनं आत्याचा हात धरला. "या बसा. तुमी ह्यांच्या कोन?"

"मी व्हय?" आत्या म्हणाली. "मी सैपाकाला हाय ह्यांच्यात."

बायको माझ्याकडे बघायला लागली. मला बोलायचं होतं. ही माझी आत्या आहे, एवढंच म्हणायचं होतं; मी ताट पुढं ओढलं.

"मग लाजता कशाला? आज समदे संगंच बसत्यात," म्हातारी म्हणाली.

"न्हाई, मालकांचं आधी होऊ द्या," आत्या म्हणाली. तिनं पदर खोचला, पातेलं उचललं आणि पहिली भज्जी माझ्या ताटात वाढली. मी खाली मान घालून जेवलो.