चौथा नंबर

नवऱ्याला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एका चाचणीबद्दल सांगितलं. अर्ध्या पेशंटना नवं औषध, अर्ध्यांना जुनं. कोणाला कोणतं, ते कम्प्युटर ठरवणार, आमच्या हातात काही नाही, म्हणाले. नवं औषध सलाईनमधून जायचं, जुन्याच्या गोळ्या होत्या, त्यामुळे कोणाच्या वाट्याला काय आलं ते अख्ख्या वॉर्डाला दिसायचं. सगळ्यांना सलाईनच हवी होती.

माझे थोरले दीर काटोलला कॉलेजात गणित शिकवतात. नुसतं बसणं त्यांना जमत नाही. त्यांनी वॉर्डात फिरून सगळ्यांना विचारलं आणि येऊन सांगितलं, दोन्हीकडे माणसं सारखी राहावीत म्हणून दर चार जणांत दोघं नव्यावर टाकतात, दोघं जुन्यावर. पहिले चार तसेच गेले होते. पुढच्या चारांतले तिघं झाले होते, दोन नवे, एक जुना.

"चौथा जुनाच निघन गा," ते नवऱ्याला म्हणाले. "हा नंबर दुसऱ्याले जाऊ दे. मंग आपण."

मला नंबर सोडायचा नव्हता, पण गणितापुढे मी काय बोलणार? आमच्यामागे उमरेडची एक बाई होती, घरचा हातमाग बंद पडल्यावर डबे करून देणारी. दिरांनी तिला हात जोडून सांगितलं, चाचणीच्या कागदावर तुम्ही आधी सही करा. तिने केली. तिला सलाईन लागली.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, गट कधी चारचा असतो, कधी सहाचा. कोणी अंदाज बांधू नये म्हणून तो मुद्दाम बदलतात. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे बैल नव्हता, माझा नवरा होता.

पुढचे पेशंट सोमवारी घेणार होते. सोमवारपर्यंत नवऱ्याचे डोळे पिवळे झाले. कावीळ असलेला पेशंट चाचणीत चालत नाही, आणि जुन्या गोळ्याही आता लिव्हरला झेपणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने भावाला एका शब्दाने दोष दिला नाही. मी दिला, मनातल्या मनात, रोज.

नवऱ्याच्या तेरवीला उमरेडची बाई आली. केस गेलेले, पण तब्येत सुधारलेली. ती सरळ दिरांच्या पाया पडली.

"तुम्ही आपला नंबर मले देल्ला, भाऊ," ती म्हणाली. "सख्खंही कोणी देत नाही."

दीर पाय मागे घेत राहिले. मग तिने माझे हात धरले. तिचे हात ऊबदार होते. मला त्या हातांचा राग आला, आणि मी तिला पाटावर बसवून जेवायला वाढलं.